फॉस्फेट लावणारे, फॉस्फेट काढणारे



बेटेगावात भरलेल्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही जीवरसायनशास्त्राच्या एका अभ्यासकाला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. समोर तारापूर एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांचे केमिस्ट आहेत आणि बोईसर-पालघरकडचे अध्यापकही आहेत. तुम्हा दोघांच्याही कामाचा विषय मी आज निवडला आहे.

पेशीच्या दाराशी आलेला संदेश आत पुढे सरकतो तो बहुतेक वेळा एखाद्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून. एटीपीवरचं फॉस्फेट उचलून प्रथिनाला लावतात ती कायनेज, ते काढून घेतात ती फॉस्फटेज. फॉस्फेटच्या ऋणभारामुळे प्रथिनाची घडी बदलते आणि स्वस्थ असलेलं विकर कामाला लागतं, किंवा चालू असलेलं थांबतं.

1950 च्या दशकात सिॲटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज स्नायूंच्या अर्कातून ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज वेगळं करत होते. अर्क फिल्टर पेपरातून गाळला की विकर सक्रिय मिळे. सेंट्रिफ्यूज केला की निष्क्रिय. कागदातलं कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि तेच फॉस्फोरिलेजला फॉस्फेट लावणाऱ्या कायनेजला चालना देत होतं! प्लांटमधली कितीतरी मंडळी अशी विसंगती डेव्हिएशन रिपोर्टात नोंदवून मोकळी होतील. या दोघांनी तिचा पिच्छा पुरवला. 1992 चं नोबेल त्यांना याच कामाबद्दल मिळालं.

पण त्याच्याही आधी, 1940 च्या दशकात, कोरी दांपत्याच्या प्रयोगशाळेत सक्रिय फॉस्फोरिलेजला निष्क्रिय करणारं विकर सापडलं होतं. ते फॉस्फटेज होतं. ते नेमकं काय काढून घेतं, एवढंच तेव्हा उमगलं नाही. आधी हाती आलेलं फॉस्फटेज पुढे कायम मागेच राहिलं, याची मला खंत वाटते.

माणसाच्या जनुकसंचात पाचशेच्या वर कायनेज आहेत आणि औषधनिर्मितीचं सारं लक्ष त्यांच्यावर. ते समजण्यासारखं आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात एबीएल हे कायनेज थांबायचं नावच घेत नाही; 2001 मध्ये आलेलं इमॅटिनिब त्याच्या एटीपीच्या जागेत बसून त्याला रोखतं. सोराफेनिबही कायनेजरोधकच. देशातला पहिला सक्तीचा परवाना त्याच्यासाठी 2012 साली मुंबईतूनच निघाला आणि महिन्याचा सुमारे 2 लाख 80 हजारांचा खर्च 8,880 रुपयांवर आला. रेणूची कृती ठाऊक असणं आणि तो स्वस्तात बनवता येणं, दोन्ही मिळून रुग्ण वाचतो.

फॉस्फटेजही औषधाचं लक्ष्य ठरू शकतं. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधं कॅल्सिन्युरिन या फॉस्फटेजलाच आवरतात. त्यामुळे टी-पेशींना हल्ल्याचा हुकूम पोचत नाही. इन्सुलिनचं कामही पाहा. जेवणानंतर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवायची, तर संबंधित विकरांवरची फॉस्फेटं उतरवावीच लागतात. फॉस्फटेज म्हणजे नुसती साफसफाई, हा समज साफ चुकीचा आहे.

तेव्हा अध्यापकांना माझी विनंती आहे: कायनेज शिकवाल त्याच तासाला फॉस्फटेज शिकवा, पुढच्या सत्रावर ढकलू नका. आणि कारखान्यांतल्या मित्रांनो, आपल्या रिॲक्टरमधून निघणारा रेणू शरीरात कुठे जाऊन बसतो हे आधी स्वतः समजून घ्या, मग या अध्यापकांच्या विद्यार्थ्यांना आपल्या क्यूसी लॅबमध्ये बोलावून सांगा. या वर्षापासूनच सुरुवात करा.