सही करण्याआधी



चिटणीसबाईंनी मला 'माणसाचे स्वातंत्र्य' हा विषय दिला. माझे शिक्षण सातवी. तेव्हा वाचनालयातून पुस्तक आणून वाचले. फ्रान्समध्ये सार्त्र नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. 1945 साली पॅरिसच्या एका व्याख्यानात त्यांनी आपल्या विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. घरी आईला तोच एक आधार, आणि मनात देशासाठी लढायला जाण्याची ओढ. त्याने सल्ला विचारला, पण सार्त्रांनी निवड त्याच्यावरच सोपवली. मला हे जरा कोरडेच वाटले. मग आपली मुळशी आठवली.

नीला-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीचे धरण होणार, मुंबईला वीज जाणार, म्हणून 1921 च्या एप्रिलात सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' हा शब्द घरोघर गेला. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. ते म्हणाले, मोबदला घ्यावा. कसणारे मावळे म्हणाले, जमीनच हवी. पाणी एकच येणार होते, पण निवड दोन तऱ्हेची झाली. बायकाही सत्याग्रहाला गेल्या. जमीन त्यांच्या नावावर नव्हती, त्यांना कोणी विचारलेही नसेल. तरी गेल्या.

सेनापती बापटांनी पुढे 1924 साली रेल्वेमार्गावर दगड रचून गाडी अडवली. ते मला पटत नाही. गाडीतली माणसेही कुणाच्या घरचीच. पण त्यांनी ते दुसऱ्यावर ढकलले नाही, सात वर्षांची सजा पत्करली. धरण मात्र झालेच.

आपण बायका 'माझ्या हातात काय आहे?' असे किती सहज म्हणतो! परवा माझ्यापुढे माहेरच्या जमिनीचे हक्कसोडपत्र आले. तालुक्यात जमिनीला भाव आला आहे. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाऊ म्हणतो, ताई, नुसती सही कर. सही केली तर माहेर टिकेल, नाही केली तर कदाचित भाऊबीज तुटेल. दोन्हीकडून मनाला लागणारच. पण भावाने सांगितले म्हणून केली, असे मी म्हणणार नाही. कागद ठेवून घेतला आहे, रात्री ओळीवर बोट ठेवून वाचते. तिसऱ्या पानावरचे एक कलम उमगत नाही. कायद्याची भाषा जिला कळते तिने चहापानानंतर जरा थांबावे.