नमस्कार कर बघू काकांना!

(मंडळाच्या सभासदांच्या पालकसभेत, मदिनत खलीफा इथे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आज 'मुलांना चांगल्या सवयी आणि चारचौघांत वागणं कसं शिकवावं' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून आमच्या घरात सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल, तर आमचे चिरंजीव. वय वर्षं अकरा. तेव्हा आधीच कबूल करतो, मी काही बालमानसशास्त्रज्ञ नाही. मी कॉम्प्युटरवाला माणूस. दुसऱ्यांच्या सिस्टीममधल्या चुका शोधून द्यायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा. स्वतःच्या घरातल्या चुका मात्र मुलांनी शोधून दिल्या, आणि त्याही फुकट. त्याच सांगतो.

आपल्याकडे कोणी पाहुणे आले की ठरलेला प्रवेश असतो. बेल वाजते, आपण दार उघडतो आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतो, "अरे बाहेर ये, काका आलेत! नमस्कार कर बघू काकांना!" मुलगा टॅबलेट हातात धरून येतो, "हाय" म्हणतो आणि परत जातो. आपण ओशाळून म्हणतो, "काय करणार, हल्लीची मुलं!" काकाही समजूतदारपणे मान हलवतात, कारण त्यांच्याही घरी तेच आहे.

मला माझ्या मुलाच्या 'हाय'चा फार राग यायचा. पण गेल्या सप्टेंबरमध्ये एक प्रसंग घडला आणि माझ्या रागाची दिशाच बदलली.

संध्याकाळचे साडेसात झाले असतील. तुम्हाला इथला सप्टेंबर माहीत आहे. ऊन उतरलं तरी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. आम्ही जेवण मागवलं होतं. बेल वाजली, मुलाने दार उघडलं, डिलिव्हरीवाल्या माणसाच्या हातातून पिशवी घेतली आणि दार लावून टाकलं. एक शब्द नाही. तो माणूस घामाने निथळत होता, हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. मी सोफ्यावरून ओरडलो, "अरे, ही काय पद्धत झाली? थँक यू म्हणायचं नाही का?"

मुलगा शांतपणे म्हणाला, "ए बाबा, तू पण असंच करतोस. तू तर फोनवर बोलत बोलत दार उघडतोस. त्याच्याकडे बघत पण नाहीस."

मंडळी, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते अक्षरशः खरं होतं. मी ऑफिसच्या कॉलवर असतो, कानाला फोन, एका हाताने दार उघडायचं, पिशवी घ्यायची आणि पायाने दार लोटायचं. मुलाने माझी हुबेहूब नक्कल केली होती. फक्त त्याच्या कानाला फोन नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही मुलाला आदर शिकवत होतो तो फक्त वरच्या दिशेने. काका, मावशी, आजोबा, सर, साहेब. खालच्या दिशेचा, म्हणजे आपण ज्यांना मनातल्या मनात खालचं समजतो त्यांच्याशी वागायचा धडा तो माझ्याकडे बघून आपोआप शिकत होता. आणि आपण आखातात राहतो. इथे आपल्या रोजच्या जगण्यात ड्रायव्हर आहे, इमारतीचा वॉचमन आहे, दुकानातून सामान उचलून गाडीत ठेवणारा आहे, ऑफिसात चहा आणून देणारा आहे. चाळिशी ओलांडलेल्या त्या चहावाल्याला आपण 'बॉय' म्हणतो. भारतात मुलाला हे दिसलं असतं तसंच इथेही दिसतं, पण इथे जास्त वेळा दिसतं. मुलगा नमस्कार करायला शिकेलही. पण तो नमस्कार माणसाला असेल की हुद्द्याला, हे आपल्या घराच्या दारात ठरतं.

आता जरा आपल्या परंपरेकडे बघू. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणं दिली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती यादी आजही वाचून बघा. दोघं बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा, कारण नसताना हसणारा, आपली स्तुती आपणच करणारा... सगळे तिथे आहेत. गंमत म्हणजे ही यादी काही लहान मुलांसाठी केलेली नाही. ती मोठ्यांची आहे! पुढे दहाव्या समासात तर त्यांनी शिकलेल्या मूर्खाला, म्हणजे पढतमूर्खाला वेगळा मान दिला आहे. मी इंजिनीअर असल्यामुळे तो समास जरा जपूनच वाचतो.

साने गुरुजींची 'श्यामची आई' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहे, निदान आचार्य अत्र्यांचा 1953 सालचा चित्रपट तरी बघितला आहे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी त्यातला बराचसा भाग लिहिला. आपल्याला वाटतं, त्या आईने मुलाला उपदेश केला. केलाच. पण नीट आठवून बघा, तो उपदेश नेहमी कुठल्या तरी कामातून निघतो. फुलं तोडण्यावरून, पत्रावळ लावण्यावरून, आंघोळीनंतरच्या ओल्या पायांवरून. ती मुलाला समोर बसवून 'आजचा विषय : चांगल्या सवयी' असं सांगत नाही.

आणि हेच आपल्या शेजारी, या देशात, अजून जिवंत आहे. कतारी घरांतल्या मजलिसबद्दल आपण ऐकतो, काही जणांना तिथे बसायचा योगही आला असेल. 2015 साली युनेस्कोने मजलिसला आणि अरबी कॉफीच्या प्रथेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं; कतार, ओमान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांचा तो एकत्रित वारसा आहे. मला एका परिचितांच्या मजलिसमध्ये जायची संधी मिळाली. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा डाव्या हातात दल्ला, म्हणजे ती चोचीची कॉफीची किटली, आणि उजव्या हातात छोटे कप घेऊन सगळ्यांना कॉफी देत होता. कोणी मोठं माणूस आत आलं की उठून उभा राहत होता. मला पुरे कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तो ओततच राहिला आणि मी पीतच राहिलो! शेवटी शेजारच्या गृहस्थांनी हळूच दाखवलं, की कप जरासा हलवून परत द्यायचा. आपल्याकडे आग्रहाच्या पंगतीत ताटावर हात आडवा धरतात, तसंच.

घरी येताना विचार करत होतो. त्या मुलाला हे कोणी 'शिकवलं' असेल? त्याला मोठ्यांच्यात बसू दिलं आणि त्याच्या हातात काम दिलं. एवढंच. आपण नेमकं उलटं करतो. पाहुणे आले की मुलांना आतल्या खोलीत पाठवतो, टॅबलेट देतो, जेवणही त्यांना आधी उरकून देतो. आपल्याला गप्पा मारायला मोकळीक मिळते. पण मग चारचौघांत कसं बोलायचं ते त्यांनी बघायचं कुठे? पूर्वी ओटीवर किंवा पडवीत मोठ्यांची बैठक असे आणि मुलं कोपऱ्यात बसून ऐकत. आपल्या फ्लॅटला ओटी नाही, पण हॉल तर आहे!

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत 'प्लीज' आणि 'थँक यू' यांना रोजच्या वापरातले शब्द जवळजवळ नाहीत. 'कृपया' सूचनाफलकावर असतं आणि 'आभारी आहे' भाषणात. म्हणून आपली भाषा उद्धट आहे का? मुळीच नाही. आपली अदब क्रियापदात असते. 'पाणी दे' आणि 'जरा पाणी देता का' यात सगळं आलं. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जेवणाऱ्याला 'सावकाश होऊ द्या' म्हणतो. आणि 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत. मुलं इंग्रजीतून विचार करायला लागली की या तिन्ही पायऱ्यांचा एकच 'यू' होतो. मग माझी सात वर्षांची मुलगी फोनवर विचारते, "आजोबा, तू जेवलास का?" आम्ही सगळे हसायचो, व्हिडिओ काढायचो. ती बिचारी गोंधळायची आणि मग मराठीत बोलणंच टाळायची. आता हसणं बंद केलं आहे. नुसतं तिच्यानंतर मीही विचारतो, "बाबा, तुम्ही जेवलात का?" तिच्या कानावर पडतं. महिन्याभरात 'जेवलात' यायला लागलं. 'तू' अजून अधूनमधून येतं. आजोबांची काही तक्रार नाही.

इतर भाषांतही हे आहे, ते मुलांना दाखवा. फिलिपिनो माणूस मोठ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घालतो. मल्याळी मित्र मोठ्या मुलाला नुसतं नावाने हाक मारत नाही, चेट्टन म्हणतो. आपल्या मुलांच्या वर्गात अर्धं जग बसलेलं असतं. 'आपल्यातच काय ही कटकट' असं त्यांना वाटतं, ते मग वाटत नाही.

आता थोडं व्यवहाराचं. आमच्या घरी जे उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

एक, चारचौघांत मुलाला दुरुस्त करायचं नाही. विशेषतः तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना. बऱ्याचदा तो उद्धटपणा नसतो, लाजरेपणा असतो. आवाज फुटत असतो, हातापायांचं काय करावं ते कळत नसतं, आणि आपण सगळ्यांसमोर म्हणतो, "नीट बोल!" जे सांगायचं ते जाताना गाडीत सांगावं. आज कोणाकडे चाललोय, तिथे कोण असेल, त्यांना काय विचारता येईल. वाकून नमस्काराची सक्ती करू नये असं माझं मत आहे. डोळ्यात बघून 'नमस्कार काका' म्हटलं तरी पुष्कळ झालं.

दोन, भारतातल्या फोनची वेळ मुलाला काढायला लावा. आपण अडीच तास मागे आहोत. इथे रात्रीचे साडेआठ म्हणजे पुण्यात अकरा. आजी झोपेतून उठून बोलते. हे गणित मुलाने स्वतः केलं की दुसऱ्याची सोय बघणं म्हणजे काय ते कळतं. आणि 'हाय आजी, बाय आजी' ऐवजी एक तरी खरा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला माहीत नाही.

तीन, 'सॉरी' पटकन सुटतं, जीभही जड होत नाही. 'चुकलं माझं' म्हणायला मात्र थांबावं लागतं. आमच्या घरी आता 'चुकलं' म्हणायचं आणि काय चुकलं तेही सांगायचं. नियम सगळ्यांना. सुरुवात मलाच करावी लागली, त्या डिलिव्हरीच्या रात्री. मुलासमोर म्हणालो, "चुकलं माझं. मी त्या माणसाकडे बघत नाही." सोपं नव्हतं. आपल्या वडिलांच्या तोंडून असं ऐकायची आपल्याला कधी सवय होती?

आता आमच्या फ्रिजच्या दारात पाण्याच्या छोट्या बाटल्या ठेवलेल्या असतात. कोणी सामान घेऊन आलं की मुलगा विचारतो, "भैया, पानी लेंगे?" काही जण घेतात, काही घाईत असतात. मागच्या आठवड्यात एक जण बाटली घेऊन त्याच्याशी दोन मिनिटं बोलत उभा राहिला. त्याचाही मुलगा अकरा वर्षांचा आहे, नेपाळमध्ये, दोन वर्षं भेट नाही. मुलगा आत येऊन मला हे सांगायला लागला, तेव्हा मी कॉलवर होतो. हाताने 'थांब' अशी खूण केली. मग आठवलं आणि कॉल म्यूट केला.

शेवटी एक विनंती. या दिवाळीच्या फराळाला मुलांना आतल्या खोलीत पाठवू नका. चकल्या-करंज्यांची ताटं त्यांच्या हातात द्या, पाहुण्यांना त्यांनाच विचारू द्या. चार चकल्या खाली पडतील, चहा सांडेल. पडू द्या, सांडू द्या. आणि पहिलं ताट खाली वॉचमनला त्यांच्याच हातून पाठवा.

माझं काही चुकलं असेल तर जरूर सांगा, फक्त आमच्या चिरंजीवांसमोर नको!

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. येतो.