जुनं घर सावरताना

(अंकुशनगर येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या भागात माळवदाची जुनी घरं अजून आहेत. जाड दगडमातीच्या भिंती, सागाचे खांब, वर मातीचा धाबा. काहींना ती पाडावीशी वाटतात, काहींना राखावीशी वाटतात. राखायची असतील, तर आधी त्यांचं दुखणं ओळखू या.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ भूकंप झाला. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. बहुतेक माणसं झोपेत, आपल्याच घराखाली गाडली गेली. असं का झालं?

पहिलं कारण भिंत. दोन हात जाडीची भिंत आपल्याला भक्कम वाटते. पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारं काही नसलं, की धक्क्यानं थर सुटतात. भिंतीला पोट येतं आणि ती ढासळते.

दुसरं कारण धाबा. दरसाल पावसाळ्याआधी आपण पांढरी माती टाकतो. जुनी मात्र काढत नाही. बापानं टाकली, त्यावर मुलानं टाकली. आता हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास. वजन चार टनांच्या वर! आपण कारखान्याला ऊस घालणारी माणसं. उसाच्या दोन भरल्या गाड्या डोक्यावर घेऊन आपण झोपतो, म्हणा ना! म्हातारी माणसं म्हणतात, "माती जास्त, तर घर गार." खरं आहे. पण गारव्याला वीतभर माती पुष्कळ झाली.

मग करायचं काय? काम क्रमानं करावं.

आधी पाणी थांबवा. पन्हाळी मोकळ्या करा. भिंतीच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका. ओलीमागून वाळवी येते. खांबाचं बूड टोचून पाहा. भुसा निघाला, तर आधी तुळईला टेकू द्या, मगच खराब भाग काढा.

मग धाब्याचं ओझं उतरवा. एकाच कोपऱ्यातून नव्हे, सगळीकडून थोडी थोडी माती काढा. वीतभर ठेवा. तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, तर गळती थांबते.

नंतर भिंत बांधा. उंचीला दर दोन फुटांवर, लांबीला चार फुटांच्या आत, हलक्या हातानं दगड काढून आरपार भोक करावं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरावं. घण मारू नये, भिंत हादरते. नवी भिंत असेल, तर आरपार जाणारे लांब दगडच घालावेत.

शेवटी खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरका लाकडी आधार ठोकावा. त्यानं सांगाडा डुलत नाही. भिंत पडली, तरी छप्पर खांबांवर उभं राहू शकतं. तेवढ्यात माणूस बाहेर पडतो.

वरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, की घर नवं दिसतं. पण पोट आलेली भिंत आत तशीच राहते. ओलही आत कोंडते. म्हणून रंगरंगोटी सर्वांत शेवटी.

हे काम जाणत्या गवंड्या-सुताराच्या हातचं आहे. मोठी भेग दिसली, तर इंजिनियरला दाखवावं. आपण एवढं करू: घरी जाऊन भिंतीला ओळंबा लावू आणि धाब्यावरची माती मोजू. लेकरं ज्या छपराखाली झोपतात, त्याचं वजन आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे.