शरीरातली राख कुठे जाते?



चूल पेटली की राख होणारच. ती वेळच्या वेळी काढली नाही तर दुसऱ्या दिवशी सरपण नीट पेटत नाही, नुसता धूर होतो. आपल्या शरीरातही अशी एक चूल रात्रंदिवस चालू असते. भाकरी, डाळ, तेल हे तिचं सरपण. त्यातून ताकद मिळते आणि मागे राखही उरते. ही राख बाहेर जाते कशी, ते आज बघू.

पहिली वाट श्वासाची. भाकरी-भात पचून त्याची साखर होते. ती शरीरात जळते तेव्हा कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. रक्त तो फुप्फुसापर्यंत आणतं आणि आपण तो उच्छ्वासाबरोबर बाहेर सोडतो.

दुसरी वाट यकृताची, म्हणजे लिव्हरची. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांचा पिवळा रंग यकृत पित्तात टाकतं आणि तो शौचावाटे जातो. शौचाला रंग येतो तो त्यामुळेच. कावीळ होते तेव्हा हा रंग रक्तात साचतो, म्हणून डोळे पिवळे दिसतात.

यकृताचं आणखी एक मोठं काम आहे. तुरीची डाळ, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. यकृत त्याचा युरिया करतं. होय, आपण पिकाला टाकतो तोच युरिया! पोत्यातला कारखान्यात बनतो, हा आपल्या पोटात बनतो. तो बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं, म्हणजे किडनीचं.

पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. एकेकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. त्यांची रीत मात्र आपल्या चहाच्या गाळणीसारखी नाही. नवरात्रात घट बसायच्या आधी आपण घर कसं काढतो? भांडी, गोधड्या, डबे, सगळं अंगणात. मग कामाचं धुऊन-पुसून परत आत आणि मोडकं-तोडकं उकिरड्यावर. मूत्रपिंड तसंच करतं. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतं. पंधरा लिटरची घागर धरली तर बारा घागरी! त्यातलं पाणी, साखर, मीठ गरजेप्रमाणे परत रक्तात घेतं आणि उरलेली घाण दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतं. आपण घर वर्षातून एकदा काढतो, मूत्रपिंड क्षणभरही थांबत नाही.

आता घामाचं. “घाम गाळला की सगळी घाण निघते” असं आपल्याकडे म्हणतात. पण घामाचं खरं काम अंग थंड ठेवण्याचं. त्यातून थोडं मीठ आणि अगदी थोडा युरिया जातो. घामामुळे मूत्रपिंडाचं काम हलकं होत नाही. उलट पाणी घामात गेलं की लघवीला पाणी कमी पडतं.

आणि इथेच आपला, बायकांचा प्रश्न येतो. खुरपणीला गेलं, सोयाबीन काढायला गेलं, आठवडी बाजारात बसलं, एसटीने धाराशिवला निघालं, की आपण पाणीच पीत नाही. का? जायचं कुठे, म्हणून. पाणी पिणं टाळतो आणि आलेली लघवीही तुंबवतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंचाचा असतो, त्यामुळे जंतू लवकर आत शिरतात. लघवी तुंबली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. मग जळजळ, थेंब थेंब लघवी, थंडी वाजून ताप. गरोदर बाईला असा त्रास झाला तर दिवस भरायच्या आधी बाळंतपण होण्याची भीती असते. असं दुखणं लाजून लपवायचं नसतं.

आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. दूर मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर हे देश आहेत. तिथल्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं तरुणपणीच निकामी होऊ लागली. डायबेटिस नाही, रक्तदाबाचं जुनं दुखणं नाही, तरीही. कारण एकच असेल असं नाही, पण कडक उन्हातलं जड काम आणि पाण्याची कमतरता यांवर अभ्यासकांचा मोठा संशय आहे. तिथे फडात पाणी, सावली आणि ठरावीक विसावा मिळू लागल्यावर मूत्रपिंडाची इजा कमी झाल्याचं दिसलं. आपणही मुकादमाकडे एवढं मागायलाच हवं.

दुसरी जपायची गोष्ट दुखण्याच्या गोळ्यांची. कंबर धरली, गुडघे दुखले की आपण दुकानातून गोळी घेतो आणि परत कामाला लागतो. अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्या वारंवार घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका.

मूत्रपिंड बिघडताना बहुतेक वेळा दुखत नाही. चेहरा-पाय सुजणं, लघवीला खूप फेस येणं, भूक जाणं हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डायबेटिस आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची मोठी कारणं. म्हणून तिशी उलटली की उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासा. ज्यांना यातलं काही आहे, त्यांनी लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासायला सांगा. मूत्रपिंडं पार थकली तर डायलिसिस लागतं, आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याची सोय आहे. पण गावाहून जाणं-येणं आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

पाणी किती प्यायचं? लघवीचा रंग बघा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी वाढवा. मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढं बोला: आपल्या बाजारात, शेताच्या वाटेवर, बायकांना जायला जागा आहे का? नसेल तर ग्रामसभेत सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या. आणि उद्या कामाला निघताना भाकरीच्या फडक्याबरोबर पाण्याची बाटली आठवणीने घ्या. घोटभर तिथल्या मैत्रिणीलाही द्या.