कवितेखालचे नाव

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे अर्धी रिकामी होतात. बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते आणि माणसे ऊसतोडीला निघतात. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी फडावरच्या एका बाईवर कविता लिहिली. ती डोक्यावर मोळी घेऊन चालता चालता मनातल्या मनात उचलीचा हिशेब करते, एवढेच त्या कवितेत होते. लोकांनी वाचावी म्हणून मी ती इंटरनेटवर मोफत ठेवली.

पुढच्या हंगामात मुलीने मोबाइल समोर धरला. 'अब्बा, ही तुमचीच ना?' कविता माझीच होती. खाली मात्र 'अज्ञात कवी' असे लिहिलेले. शिवाय शेवटी कुणीतरी दोन ओळी जोडलेल्या. त्यात माझी ती बाई चक्क मुकादमाचे आभार मानत होती! मी हयात आहे, बीडमध्येच राहतो, रोज बाजारात दिसतो. मी अज्ञात कसा?

ज्या पोराने ती पुढे पाठवली होती त्याला फोन केला. तो म्हणाला, 'चाचा, फुकटच होती की!'

फुकट होती हे खरे. पण वाचायला फुकट दिली म्हणजे हक्क सोडला असे होत नाही. मी साधा बी. ए. झालेला माणूस, तरी त्या रागात १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचून काढला. कविता लिहिली की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीही लागत नाही. स्वतःपुरते वाचायला, अभ्यासायला, समीक्षेत काही ओळी द्यायला कायद्याची मुभा आहे. अख्खी कविता उचलून आपल्या पानावर टाकायची तर कवीला विचारावे लागते. कवीने आधीच 'नावासकट कुणीही घ्या' असे लिहून ठेवले असेल, तर तेवढी अट पाळली की झाले. आणि कलम ५७ तर फारच सुरेख आहे. हक्क विकून टाकला तरी, ही रचना माझी आहे असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

आता माझीही एक चूक सांगतो. आमच्या कविमंडळींच्या संकेतस्थळासाठी मला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर मजकूर हवा होता. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकातली पाने मी बसून टाइप करू लागलो. एका वकील मित्राने हात धरला. शेख महंमद सतराव्या शतकातले. त्यांचा 'योगसंग्राम' साऱ्यांचा आहे. ढेरे मात्र २०१६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजायची, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०७६ च्या अखेरपर्यंत चालणार. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळी झाली. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ साली गेलेल्या रवींद्रनाथांची मुदत संपत आली तेव्हा ती साठ केली गेली.) मी टाइप केलेले पुसले, चार दिवस खर्चून स्वतःचा लेख लिहिला आणि त्यात ढेरे यांच्या पुस्तकाचे नाव दिले. लेख बरा उतरला.

जुने लोक हुशार होते. संतांनी शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा गुंफली, गझलकारांनी मक्त्यात तखल्लुस. नाव काढावे तर ओळच मोडते. आम्ही मुक्तछंदवाले नाव खाली वेगळे लिहितो, ते कापायला एक बोट पुरते.

त्या पोराने बिचाऱ्याने माफी मागितली, नाव घालून कविता पुन्हा पाठवली. पण आधीची कुठे कुठे पोचली ते त्याला तरी काय ठाऊक? गेल्या हंगामात ती फिरत फिरत परत माझ्याकडे आली. मुकादमाच्या आभाराच्या आता चार ओळी झाल्या आहेत.