कार्डाचे कर्ज आणि दाराशी आलेला तगादा

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. बी.ए. झालो, परीक्षा देऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आज वीस वर्षे काउंटरच्या आत बसून लोकांची पासबुके भरतो आहे. कार्यवाहांनी मला सांगितले, "बँकेतले काहीतरी उपयोगाचे सांगा." मी विषय निवडला क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या कर्जाचा. बँकेतला माणूस म्हणून मी हा विषय निवडला, असे आपणास वाटेल. खरे कारण वेगळे आहे. मी स्वतः या कर्जात बुडालो होतो. हे आजवर या सभागृहातील दोन-तीन माणसांनाच ठाऊक होते. आज सर्वांना सांगतो.

२०१८ साली वडील आजारी पडले. खासगी रुग्णालयाचे बिल नव्वद हजारांवर गेले. खिशात दुसऱ्या एका बँकेचे कार्ड होते, ते पुढे केले. बिल भागले. पहिल्या महिन्याच्या पत्रकात दोन आकडे आले. एक एकूण देय रक्कम आणि दुसरी किमान देय रक्कम. किमान रक्कम लहान होती, ती भरली आणि सुटलो असे वाटले. २०२० साली टाळेबंदीत पत्नीची खासगी शाळेतील नोकरी गेली. त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, पण व्याज थांबले नव्हते. पुढे पहिल्या कार्डाची रक्कम भागवण्यासाठी दुसरे कार्ड घेतले. २०२१ च्या अखेरीस दोन्ही मिळून एक लाख ऐंशी हजार झाले आणि माझे भरणे थांबले.

मित्रहो, ही किमान रक्कम म्हणजे काय ते आकड्यांत पाहा. समजा थकबाकी ५०,००० रुपये आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के. हा दर आपल्याकडे कार्डांवर सर्रास आढळतो. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५ रुपये. एकूण २,०६५. किमान रक्कम पाच टक्के धरली तर आपण २,५०० भरतो. मुद्दलात जमा झाले फक्त ४३५ रुपये! शिवाय मागची बाकी शिल्लक असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. कार्डावर रोख पैसे काढले तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क.

महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आपल्या आजोबांच्या काळातल्या सावकाराची आपण निंदा करतो, पण हा दर आपण सही करून मान्य करतो. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कोर्ट व्याज कमी करून देईल या आशेवर कोणी बसू नये.

आता तगाद्याकडे येतो. भरणे थांबल्यावर दिवसाला दहा-दहा फोन येऊ लागले. मी सिमकार्ड बदलले. मग त्यांनी शेजाऱ्याला फोन केला, इमारतीच्या सेक्रेटरींना केला. मी जिना उतरताना मान खाली घालू लागलो. पत्नीला अर्धेच सांगितले होते, आईला काहीच नाही. एका रात्री नऊ वाजता घरचा फोन आईने उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमचा मुलगा उद्या आत जाणार. पोलीस निघालेत."

माझ्या आईने नाक्यावर भाजी विकून आम्हा तीन भावंडांना शिकवले. ती त्या रात्री झोपली नाही. चांगले लुगडे नेसून दाराशी पाट टाकून बसली. पहाटे मी उठलो तेव्हाही बसलेलीच होती. मला म्हणाली, "बाळा, पोलीस आले तर मी सांगीन, पैसे मी घेतले. तुझी नोकरी राहू दे."

बंधू-भगिनींनो, कर्ज न फेडल्याबद्दल पोलीस कोणालाही असे उचलून नेत नाहीत, हे मला माहीत होते. काउंटरवर मी हे इतरांना सांगत असे. पण स्वतःच्या आईला वेळेवर सांगू शकलो नाही. कारण शरम. आणि भीतीही. आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या शिस्तविषयक करारात प्रमाणाबाहेर कर्ज करून बसणे हे किरकोळ गैरवर्तन धरलेले आहे. साहेबांना कळले तर काय, या विचाराने मी गप्प होतो. वसुलीवाल्याचे खरे हत्यार हेच आहे. त्याच्याकडे कायद्याचा अधिकार फारसा नसतो. आपली शरम त्याला पुरते.

त्या सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही साऱ्या वस्तीचे अर्ज लिहून देता. आपला एक अर्ज का लिहीत नाही?"

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळे लिहून काढले. कोणाचे किती, कधीपासून, घरात येते किती, जाते किती. आईलाही शेजारी बसवले. दोन्ही कार्डे कापून टाकली. साहेबांना मीच जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आमच्या कर्मचारी पतसंस्थेच्या कर्जासाठी शिफारस केली. ते कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी मिळाले. हिशेब करा : एक लाख ऐंशी हजारांवर कार्डाचे व्याज महिन्याला ६,३००, पतसंस्थेचे सुरुवातीला १,८००. उरलेला फरक मुद्दलात जाऊ लागला. चार वर्षांत कर्ज संपले. काही चमत्कार झाला नाही. फक्त महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलले आणि घरातल्या सर्वांना ते ठाऊक झाले.

आता आपणा सर्वांना उपयोगी पडतील अशा गोष्टी क्रमाने सांगतो. विद्यार्थी मित्रांनी लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट. कार्डाचे कर्ज थकणे ही दिवाणी बाब आहे. केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून अटक होत नाही. बँक दिवाणी दावा लावू शकते. हुकूमनामा झाला तर पगारावर जप्ती येऊ शकते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्यातील दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. मात्र खोटी कागदपत्रे देऊन कार्ड घेतले किंवा दिलेला धनादेश वटला नाही, तर तो फौजदारी मामला होतो. म्हणून तगाद्याला घाबरून कोणालाही कोरा किंवा पुढील तारखेचा धनादेश देऊ नका.

दुसरी गोष्ट. वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत, कायद्यानेच वसुली करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका बँकेच्या प्रकरणात बजावले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली एजंटांसाठी नियम केले. एजंटाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई केली. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक व मित्रांना त्रास, मोबाईलवर अभद्र संदेश, निनावी फोन, हे सर्व निषिद्ध ठरवले. एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी बँकेची असते. माझ्या आईला रात्री नऊ वाजता आलेला फोन नियमाबाहेरच होता.

तिसरी गोष्ट. हा नियम आपोआप चालत नाही. एक वही ठेवा. फोनची तारीख, वेळ, नंबर, माणसाचे नाव आणि तो काय म्हणाला ते लिहा. संदेश पुसू नका. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात आपले कर्ज नाकारू नका. उत्पन्न किती आहे, महिन्याला किती भरता येईल, हे लिहा आणि फोनबद्दलची तक्रार वेगळ्या परिच्छेदात लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कोणी मारण्याची धमकी दिली किंवा घरात घुसले, तर मात्र थेट पोलीस ठाण्यात जावे.

चौथी गोष्ट. तडजोड. काही वेळा बँक थोड्या रकमेत प्रकरण मिटवते. आधी बँकेचे पत्र, मग पैसे, हा क्रम मोडू नका. एजंटाच्या खासगी खात्यावर एक रुपयाही भरू नका. पैसे भरल्यावर बाकी नसल्याचा दाखला घ्या. लक्षात ठेवा, पूर्ण फेड आणि तडजोड या दोन गोष्टी सिबिलसारख्या पतमाहिती संस्थेच्या अहवालात वेगळ्या दिसतात. तडजोडीची नोंद पुढे घरकर्ज मागताना आडवी येते. जमत असेल तर हप्ते बांधून पूर्ण फेड करावी. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत मिळतो, तो मागवून तपासावा.

पाचवी गोष्ट. मोबाईलवर "कोर्टाची नोटीस" म्हणून कागद येतात. अनेकदा ते वकिलाचे साधे पत्र असते. खऱ्या समन्सवर न्यायालयाचे नाव व खटल्याचा क्रमांक असतो आणि तो ई-कोर्टच्या संकेतस्थळावर तपासता येतो. समन्स खरे असेल तर मात्र हजर राहिलेच पाहिजे. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो. लोक अदालतीत तडजोड मान्य करण्याची सक्ती नसते, पण सही केलीत तर तो निवाडा अंतिम ठरतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना वकील मोफत मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश होतो, म्हणून जातीचा दाखला असलेल्या आपल्या बांधवांना हा हक्क आहे. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. त्यांचा नंबर १५१००. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

हे सारे सांगताना एक धोका मला दिसतो. कोणी म्हणेल, "अटक होत नाही ना, मग भरायचेच कशाला?" तसे मुळीच नाही. घेतलेले पैसे देणे लागतात. कायदा आपल्याला देतो तो फेडताना माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क. भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या सुखांत ऋणमुक्तीचे सुख गणले आहे, हे आपण अनाथपिंडिकाला केलेल्या उपदेशात वाचतो. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात तर दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन ही दुःखाची साखळीच सांगितली आहे. मला ते सुत्त पूर्वी नुसते ऐकून माहीत होते. त्या वर्षी ते समजले.

विद्यार्थी मित्रांनो, पहिली नोकरी लागली की दुसऱ्या आठवड्यात कार्डाचा फोन येतो. कार्ड वाईट नाही. पण त्याची मर्यादा म्हणजे आपला पगार नव्हे. देय तारखेला पूर्ण रक्कम भरता येणार असेल तरच ते वापरा. आणि मित्राच्या खरेदीसाठी आपले कार्ड देऊ नका. बँक मित्राला विचारत नाही, आपल्याला विचारते.

शेवटी मंडळाला एक विनंती. कोणाच्या घरी वसुलीवाला आला की आपण खिडकीतून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी कुजबुजतो. त्या कुजबुजीनेच माणूस एकटा पडतो. शेजाऱ्याला असा फोन आला तर त्याने एवढेच म्हणावे, "हा माझा विषय नाही, पुन्हा फोन करू नका," आणि संध्याकाळी त्या घरी जाऊन चहा प्यावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी या कार्यालयात बसायला तयार आहे. पत्रक घेऊन या, पाकीट न फोडता आणले तरी चालेल. आपण मिळून फोडू आणि अर्ज लिहू.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. हे सर्व चारचौघांत सांगू का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "सांग. दुसरी कोणी म्हातारी दाराशी बसायला नको."