स्टेअरिंगची तक्रार कागदावर यायला हवी



घाट उतरताना बसचा ब्रेक लागेनासा झाला, तरी ड्रायव्हरच्या हातात थोडंफार उरतं. तो गिअर खाली घेतो, हँडब्रेक ओढतो, नाहीच जमलं तर गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेतो. स्टेअरिंगचा सांधा निखळला तर मात्र यातला एकही उपाय पुरा पडत नाही. चाक हातात मोकळं फिरतं आणि गाडी वाट्टेल तिकडे जाते. राजूर घाटातून रोज बुलढाणा-मलकापूर ये-जा करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्हणून आज मी ट्रक आणि बसच्या स्टेअरिंगबद्दल बोलणार आहे, आणि गाडीत मुळातच दोष असेल तर ती कंपनीनं परत बोलवायची असते, त्या रिकॉलबद्दलही.

ड्रायव्हर चाक फिरवतो तेव्हा खालचा दांडा फिरतो आणि स्टेअरिंग बॉक्सला चालना देतो. बॉक्समधून ड्रॉप आर्म निघतो, त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना बांधून ठेवतो तो टाय रॉड. या सगळ्यांच्या मध्ये बॉल जॉइंट आहेत, नट आहेत, आणि नट ढिला होऊ नये म्हणून घातलेल्या बोटभर लांबीच्या कॉटर पिना आहेत. पन्नास माणसांची बस या पिनांवर विसंबून वळण घेते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला ९८ वा नियम याच गोष्टी सांगतो. स्टेअरिंगच्या चाकाचा रिकामा प्ले, म्हणजे पुढची चाकं न वळता ते जितकं फिरतं तेवढं, ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी. बोल्ट किंवा पिन जिथे असेल तिथे ती पक्की अडकवलेली असावी. तीस अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंतचं अंतर. गाडी जागेवर उभी करून हे कोणालाही पाहता येतं, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

ग्रीस न घातल्यामुळे झिजलेला जॉइंट, फाटलेली रबरी टोपी, पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या किंग पिनमधला ढिलेपणा ही मालकाची जबाबदारी. पण कारखान्यातच एखादा बोल्ट नीट आवळला गेला नसेल, किंवा एखाद्या खेपेच्या रॉडचं लोखंडच कच्चं असेल, तर तो दोष एका गाडीत राहत नाही. त्या महिन्यात बाहेर पडलेल्या हजारो गाड्यांमध्ये तो जातो. त्यातली एक गाडी खामगावच्या गॅरेजमध्ये येते, दुसरी मेहकरला, तिसरी दूर कुठे तरी. प्रत्येक मिस्त्री आपल्यापुरता रॉड बदलतो आणि म्हणतो, रस्ते खराब, दुसरं काय. तिघांची बेरीज कोणी करत नाही. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

ही बेरीज झाली की काय होतं, याचं उदाहरण २०१६ मध्ये अमेरिकेत दिसलं. व्होल्वो कंपनीच्या त्या आणि पुढच्या वर्षाच्या मॉडेलच्या मोठ्या ट्रकांमध्ये स्टेअरिंगच्या दांड्याचा बोल्ट नीट आवळलेला नसण्याची आणि खालच्या जोडातली पिन बसवायचीच राहून गेली असण्याची शक्यता आढळली. आगाऊ इशारा न देता दांडा सुटू शकत होता. सुमारे १६ हजार ट्रकांच्या मालकांना सांगण्यात आलं, की दुरुस्ती होईपर्यंत ट्रक चालवूच नका. तपासणी नाक्यांनाही असा ट्रक दिसल्यास तो रस्त्यावरून बाजूला घेण्याच्या सूचना गेल्या. मालाला उशीर होईल, भाडं बुडेल, याचा विचार मागे ठेवला गेला.

आपल्याकडे कायदा उशिरा आला, पण आला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११० ए घातलं गेलं. गाडीतल्या दोषामुळे चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. कंपनीनं दोष दुरुस्त करून द्यायचा, गाडी बदलून द्यायची किंवा किंमत परत करायची. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले आणि सक्तीच्या रिकॉलसाठी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंतचा दंड ठरला. कंपनीनं स्वतःहून दोष कबूल करून गाड्या बोलावल्या तर हा दंड नाही. गाडी मात्र सात वर्षांच्या आतली हवी. आणि सक्तीच्या रिकॉलची चौकशी सुरू व्हायला तक्रारींचा ठरावीक आकडा लागतो. बस-ट्रकसाठी तो वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्के आहे.

या ३ टक्क्यांकडे जरा लक्ष द्या. इथे मोजल्या जातात त्या नोंदवलेल्या तक्रारी. ढाब्यावर चहा पिताना एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणतो, "गाडी डावीकडं ओढते राव, चाक जड झालंय." ती तक्रार कुठेही मोजली जात नाही. मालकाला फोन केला तर उत्तर येतं, "एवढी फेरी मारून ये, मग बघू." एसटीच्या आगारात निदान गाडी लावताना बिघाड लिहून देण्याची पद्धत आहे. एकदोन गाड्यांच्या मालकाकडे तीही नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं वाहन रिकॉलसाठी पोर्टल आहे, तिथे मालकाला दोष नोंदवता येतो. पण दोष ज्याच्या हाताला जाणवतो तो ड्रायव्हर असतो, आणि नोंद करायची ती मालकानं. या दोघांच्या मधलं अंतर कमी झालं पाहिजे.

रिकॉल झाला तरी निरोप योग्य माणसापर्यंत पोचेलच असं नाही. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीनं एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या त्या गाड्या. ईको ना ट्रक आहे ना बस, पण आपल्याकडे शाळेची मुलं, पेशंट, बाजाराला निघालेली माणसं तिच्यातच बसतात. गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते आणि आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याचंच राहतं. मग कंपनीचा निरोप त्याच्याच पत्त्यावर जातो. तो कागद बाजूला ठेवून देतो. गाडी इकडे धावत असते.

त्याच जुलैच्या पहिल्या तारखेला, रात्री दीडच्या सुमारास, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. सुरुवातीला टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याची खूण मिळाली नाही. त्या अपघाताचा स्टेअरिंगशी संबंध मी जोडत नाही. मी तो सांगतो तो वेगळ्या कारणासाठी. आपल्याकडे अपघात झाला की पहिल्या तासात कारण ठरतं: टायर फुटला, स्टेअरिंग लॉक झालं, ड्रायव्हरला डुलकी लागली. नीट तपासणी झाली तर कधी ड्रायव्हरची चूक उघडी पडेल, कधी कंपनीची. तपासणीच झाली नाही, तर निष्पाप ड्रायव्हर तुरुंगात जातो आणि सदोष गाड्या रस्त्यावर राहतात.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की स्टेअरिंगचं नाव निघालेल्या प्रत्येक अपघातात रॉड, जॉइंट आणि पिना भंगारात जाण्याआधी तपासल्या जाव्यात आणि चेसिस नंबरासह तो अहवाल वर जावा. दुसरी मागणी फिटनेसबद्दल. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाड्यांना दर दोन वर्षांनी आणि त्यापुढच्यांना दरवर्षी फिटनेस घ्यावंच लागतं. त्याच वेळी चेसिस नंबर टाकून त्या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे का, हे पाहावं, आणि बाकी असेल तर ते झाल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये.

मालकांनो, जुनी गाडी घेतली असेल तर आरसी आधी आपल्या नावावर करा आणि मोबाईल नंबरही बदलून घ्या. आरसीवर १७ अक्षरं-आकड्यांचा चेसिस नंबर असतो. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर तो सांगून या गाडीवर रिकॉल आहे का, असं स्पष्ट विचारा. असेल तर दुरुस्तीचे पैसे देऊ नका, कारण तो खर्च कंपनीचा आहे. काम झाल्यावर बदललेल्या भागाचं नाव आणि तारीख असलेलं जॉब कार्ड मागून घ्या. आणि ड्रायव्हरनं चाक जड लागतंय किंवा प्ले वाढलाय असं सांगितलं, तर त्याला पुढच्या फेरीला पाठवण्याआधी गाडी जागेवर उभी करून खाली कोणाला तरी वाकायला लावा.